बेचाळीस अर्ज

कळमन्याजवळच्या आमच्या वाचनालयात बिसाहीन पहिल्यांदा आली ती पाणी प्यायला. बाई मूळची छत्तीसगडची. अकरा वर्षांपासून नागपुरात मिरचीचे देठ खुडायच्या कामावर. पाणी पिऊन ती सूचनाफलकापाशी थबकली. "बाई, हे काय लिहिलं हाये?" तिनं ग्रंथपाल शोभाताईंना विचारलं.

मतदार यादीची सूचना होती. शोभाताईंनी यादीच काढून दाखवली. बिसाहीनच्या वस्तीतलं एकही नाव तीत नव्हतं.

"अकरा साल झाले मी इथंच राहून राहिली," ती म्हणाली, "अन् कागदावर मी नाहीच?"

"तुमच्यापैकी कोणी अर्जच नाही केला ना वं. आता कर."

दुसऱ्या दिवसापासून काम सुटलं की ती यायची. मिरचीनं हात जळत असायचे. तेल चोळून, साबणानं धुऊन मगच कागदाला हात लावायची. तरी शेजारच्या टेबलावर पेपर वाचताना मी शिंकतच असे. पाचवीपर्यंत ती हिंदी शिकलेली, त्यामुळे अक्षरं ओळखीची, शब्द परके. 'रहिवासी' म्हणजे काय, 'पुरावा' म्हणजे काय, असं विचारत विचारत पहिल्या अर्जाला तिला तीन संध्याकाळी लागल्या. मग ती वस्तीतल्या बाया घेऊन येऊ लागली. मी रिटायर्ड कारकून, जन्मभर लोकांचे अर्ज तपासलेले. मदतीला म्हणून गेलो, तर तिच्या अर्जांत चूक सापडेना. मी चाटच पडलो.

बेचाळीस अर्ज झाले. पण निम्म्यांजवळ भाड्याचा कागद नव्हता. शोभाताईंनी निवडणूक कार्यालयात फोन लावला तेव्हा कळलं, कागद नसला तर कर्मचारी घरी येऊन पाहून जातो. तो आला त्या दिवशी बिसाहीननं काम बुडवलं आणि भर उन्हात त्याला दारोदार फिरवलं.

एकोणचाळीस नावं लागली. राहिलेल्या तिघींचे अर्ज तिनं पुन्हा भरले.

मतदानाच्या दिवशी सकाळीच मी केंद्रावर गेलो. ठेवणीतल्या लुगड्यांत वस्तीतल्या बाया रांगेत उभ्या, आणि बिसाहीन सगळ्यांत शेवटी.

"मागे काहून थांबली वं?"

"सगळ्यायचं झालेलं पाहून राहिली, काकाजी."

ती आत गेली. मशीनचा लांब आवाज बाहेर ऐकू आला. शाई लागलेलं बोट जपत ती बाहेर आली आणि बायांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. इतकी वर्षं मी मत देत आलोय, पण बोटावरची शाई त्या दिवशी पहिल्यांदा निरखून पाहिली.