दोरीचं दुसरं टोक

"मास्तर, आपला बंब तुमच्या आळीत शेवटच्या घरापर्यंत येईल का?"

फोन अग्निशमन केंद्रातून होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी आधी मागल्या दारी जाऊन धूर कुठे दिसतो का ते पाहिलं आणि मग विचारलं, कोणाकडे लागलीय?  पलीकडचा माणूस म्हणाला, "आग नाय लागली. सदूभाऊंना घरी आणायचंय..." आदल्या दुपारपासून ते सगळे पूर्णगडच्या बाजूला सड्यावर, वरच्या कातळी माळावर, लागलेला वणवा विझवत होते. पहाटे परतले. सदूने नेहमीप्रमाणे गाडी धुतली, तिच्या पायरीवर टेकला, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत सगळं संपलेलं होतं. कामावर असताना गेलेल्या माणसाला बंबातूनच घरी न्यायचं, ही त्यांची रीत. अडचण एकच होती. सदूच्या वहीत गावातल्या प्रत्येक आळीपुढे 'येतो' किंवा 'येत नाही' असं लिहिलेलं होतं. फक्त आमच्या आळीपुढची जागा कोरी होती. ती कोरी का, हे माझ्या समजुतीने दोघांनाच माहीत होतं आणि त्यातला एक आता बोलणार नव्हता. मी म्हणालो, "येईल की. पालखी जाते आमच्याकडून." इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं.

सदानंद म्हणजे आमचा सदू. चौथीपासून माझ्या बाकावर बसायचा. मी शाळामास्तर झालो, तो बंबाचा ड्रायव्हर. आळीच्या तोंडाकडून तिसरं घर माझं, अगदी शेवटचं त्याचं. घरी तो आणि त्याची आई, आमच्या काकी. बंबवाल्याला आगीपलीकडे काय काम, असं लोकांना वाटतं. सदूच्या तोंडून ऐकलं की कळायचं. विहिरीत पडलेला बिबट्या, पावसाळ्यात घरावर आडवा झालेला फणस, घाटात दरडीखाली गेलेली जीप, मालगुंडला समुद्रात ओढले गेलेले पर्यटक... सगळीकडे हाच हजर. पण तो घाबरायचा फक्त एकाच गोष्टीला, ती म्हणजे अरुंद वाट. नोकरीच्या सुरुवातीला एका आळीत घर पेटलं होतं. बंब वेळेत पोचला, टाकी भरलेली होती, माणसं तयार होती, आणि दोन्हीकडच्या गडग्यांत, दगडी कुंपणांत, गाडी अडकली. पाइपाला पाइप जोडून ते घरापर्यंत पोचले तेव्हा आतली हाक थांबली होती. सदू मला एवढंच म्हणाला होता, "मास्तर, भरलेल्या टाकीवर बसून ऐकत होतो मी." त्यानंतर कित्येक दिवस तो जेवताना मध्येच थांबायचा, कान दिल्यासारखा.

त्यातूनच ती दोरी आली. सुंभाची, दोन गाठींची, गाठींवर लाल चिंध्या बांधलेल्या. दोन गाठींमधलं अंतर म्हणजे आरशांसकट बंबाची रुंदी आणि वर चार बोटं. ताणलेल्या दोरीच्या दोन्ही गाठी वाटेत मावल्या तर बंब येतो. दरवर्षी शिमग्याच्या आधी, कारण पुढे उन्हाळा आणि वणवे, सुट्टीच्या दिवशी सदू दोरी खांद्यावर टाकून आळ्या फिरायचा. एक टोक स्वतः धरायचा, दुसरं त्या घरच्या माणसाच्या हातात द्यायचा. हा त्याचा नियमच होता. म्हणायचा, दुसऱ्याने सांगितलेलं माप कोणी मानत नाही, स्वतःच्या हाताने घेतलेलं नाकारता येत नाही. लोक थट्टा करायचे, आला बघा भूमापनवाला, आता हा आपल्या परसातून हमरस्ता काढणार. तो हसून टोक पुढे करायचा. काहींनी खरंच गडगे मागे घेतले. बहुतेकांनी चहा पाजून वाटेला लावलं.

आता माझं सांगतो. चार वर्षांपूर्वी मुलाने मोटार घेतली. ती अंगणात बसेना, म्हणून मी जुना गडगा पाडून चिऱ्यांची नवी भिंत घातली, हातभर बाहेर. तेवढी जागा आळीची होती हे मला माहीत होतं, शेजाऱ्यांना माहीत होतं, सदूला तर होतंच. त्याने महिनाभर समजावलं. मी एकच पालुपद धरलं होतं: शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी माझ्या भिंतीजवळून नाचत जाते ना, मग झालं तर. त्यावर तो म्हणाला, "पालखी तिरकी करता येते, मास्तर. बंब नाय करता येत." आणि वर हसत, सुंभ जळेल पण तुझा पीळ जायचा नाय. काकींचं घर मागे आहे, रात्रंदिवस त्या एकट्या असतात, मी दुसऱ्यांच्या आगी विझवत फिरतो, असं मात्र त्याने एकदाही म्हटलं नाही. म्हणाला असता तर मी भिंत पाडली असती, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. खरं काय ते देव जाणे.

त्या वर्षी तो मापाला आला आणि नियमाप्रमाणे दुसरं टोक माझ्या हातात दिलं. मी ते भिंतीपाशी धरलं आणि मनगट जरासं पुढे सोडलं. दोरी मध्ये वीतभर झुकली. झुकलेल्या दोरीच्या गाठी जवळ येतात. दोन्ही लाल चिंध्या माझ्या भिंतीच्या आणि समोरच्या गडग्याच्या मध्ये बसल्या. "बघ, बसतो की तुझा बंब," मी म्हणालो. सदूने दोरीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. नंतर दोरी गुंडाळली आणि वही न उघडता घरी गेला. 'येतो' लिहिणं त्याला जमलं नसतं. 'येत नाही' लिहिलं असतं तर नगरपालिकेची नोटीस माझ्या दारावर लागली असती, आणि ती त्याच्यामुळे लागली असती. त्याने जागा कोरी ठेवली. मी जिंकलो, असं मला वाटलं. खरंच वाटलं. पण तेव्हापासून उन्हाळ्यात भोंगा ऐकला की मी दारात येऊन मोजत बसायचो, आवाज आपल्या बाजूला वळतो की पलीकडे जातो.

त्या सकाळी तो आमच्या बाजूला वळला. झेंडूच्या माळा घातलेला बंब आळीत शिरला, पहिलं घर, दुसरं घर, आणि माझ्या भिंतीपाशी थांबला. नव्या ड्रायव्हरने आरसे मिटले, पुढेमागे करून पाहिलं. चिरा पत्र्याला खरवडून गेला, त्याचा आवाज अजून माझ्या दातांत आहे.  सगळी आळी दारांत उभी होती आणि सगळी माझ्या भिंतीकडे पाहत होती. शेवटी सदूला खाली घेतलं. पण बंब आणि भिंत यांच्यातल्या फटीतून स्ट्रेचर सरळ जाईना. पुढच्या माणसाने उजवा खांदा उचलला, मागच्याने डावा हात खाली केला, आणि त्यांनी सदूला तिरका करून नेला... मी तिथेच उभा होतो. मला हात लावायचं धाडस झालं नाही.

बाराव्यानंतर मी गवंडी बोलावून भिंत पाडली. चिऱ्यांचा ढीग हलवल्यावर काकी काठी टेकत आल्या, हातात दोरी. त्यांनी स्वतःच एक टोक समोरच्या गडग्याला लावलं आणि दुसरं माझ्याकडे दिलं. मी धरलं. दोरी झुकली. काकी म्हणाल्या, "घट धर, अरविंदा. सैल दोरीनं सगळ्याच वाटा रुंद दिसतात." सदूने आईला सांगितलं होतं. चार वर्षं त्या माझ्याकडून उकडीचे मोदक घेत होत्या, माझ्या नातवाची दृष्ट काढत होत्या, आणि त्यांना माहीत होतं. मी दोरी ताणली. गाठींच्या पुढे चार बोटं जागा उरली. मी तिथेच मातीत बसलो आणि रडलो. काकींनी दोरी गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवली आणि घरी गेल्या.

आता ती दोरी माझ्या पडवीत खुंटीला असते. नव्या ड्रायव्हरला एवढ्या आळ्या एकट्याने होत नाहीत, म्हणून वहीतल्या 'येत नाही'वाल्या आळ्या मी पुन्हा फिरतोय. उन्हं कडक आहेत, सड्यावरचं गवत वाळून कोळ झालंय, दुपारी कुठून ना कुठून धुराचा वास येतो. परवा अशाच एका आळीत गेलो. घरमालक भले गृहस्थ, मला ओळखणारे. नवी भिंत चिऱ्याची, सुबक. मी दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. ते म्हणाले, "अहो गुरुजी, पालखी जाते की इथून."  मी त्यांच्या मनगटाकडे पाहत होतो. दोरी मध्ये हळूहळू खाली येत होती.