भाईची बॅटरी

"शेवटचा कधी बोलला हा?" बंद पडलेली कुठलीही वस्तू हातात दिली की भाई पहिलं हेच विचारायचा. रेडिओ असो, मोबाईल असो. मग ती शर्टाला पुसायचा, कानाला लावायचा आणि डोळे मिटून बसायचा. बंद पडलेल्यात काय ऐकू येणार? पण गिऱ्हाईक गप उभं राहायचं. तुम्हीही राहिला असता.

जुन्नरच्या बाजारपेठेत, अंग चोरूनच शिरावं लागेल एवढं त्याचं दुकान. मी तळेघरचा, भात-नाचणीवाला, चौथी शिकलेला. बाजाराला आलो की तिथं टेकायचो. तो मला पावणं म्हणायचा, मी त्याला भाई. तीस वर्षांत एकमेकांचं नाव घ्यायची वेळ आली नाही.

तोंडाचा फटकळ, माझ्यासारखाच. एकदा एक बाई आमटीत पडलेला फोन घेऊन आली. भाईनं वास घेतला आणि म्हणाला, "मसाला जास्त झालाय, ताई." बाई आधी चिडली, मग हसली. फोन मात्र बोलता करून दिला.

माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या बटणाच्या फोनात चुकून तिचाच आवाज भरला गेला होता. मोठं काही नाही. मला हाक मारतेय, "आवं, भाकर निवली. येताय का मी जेवू?" मागं कोंबडी ओरडते. बस. रोज जेवायला बसताना मी ते लावायचो.

पोरगी दुबईला, जावई तिथं हॉटेलात स्वयंपाकी. आईच्या मातीला तिला येता आलं नव्हतं. तिनं मला महिनाभर बोलावलं, तेव्हा ठरवलं, हा फोन न्यायचा आणि तिच्या कानाला लावायचा.

फोन भाईला दाखवायला नेला. तो म्हणाला, आवाज काढून आत्ता पाठवतो पोरीला. मी नाही म्हणालो. बायकोचा आवाज दुसऱ्यांच्या फोनातून हिंडवायचा नाही. मग त्यानं फोनचं मागचं झाकण काढलं. बॅटरी पुरीसारखी फुगलेली.

"ही घेऊन इमानात बसणार? पेट घेती असली."

तो विमानानं मक्केला जाऊन उमरा करून आलेला, त्याला नियम ठाऊक. मोकळी बॅटरी मोठ्या बॅगेत घालायची नाही. फुगलेली तर कुठंच नाही. फोन हातातल्या पिशवीत ठेवायचा, मागितला तर चालू करून दाखवायचा. नाही झाला, तर नेऊ देतील याचा भरवसा नाही.

तसली नवी बॅटरी त्यानं आळेफाट्यापर्यंत शोधली. मिळाली नाही. निघायच्या आदल्या दिवशी गेलो, तर त्यानं स्वतःच्या फोनचं झाकण काढलं. त्याचाही तसलाच जुना फोन. आतली बॅटरी माझ्या फोनात बसवली.

"आन तुला कुणी फोन केला म्हंजी?" मी विचारलं.

"मला कोण करतंय? समदी दुकानातच येत्यात. पोरीला ऐकवून आणा माघारी."

जुनी बॅटरी टाकायला मागत होता. मी टाकतो म्हणालो आणि खिशात घातली. ती रोज बायकोच्या हातानं चार्जिंगला लागायची, कशी टाकू? घरी पोरीसाठी बांधलेल्या तांदळात खोल खुपसली. आमच्याकडं जपायची वस्तू तांदळातच ठेवतात.

विमानतळावर माझं नाव पुकारलं. वर्दीतल्या एका पोरीनं तांदूळ उपसून ती काढली. "बाबा, ही कुणाची?"

"बायकोची हाय."

तिनं तांदूळ परत नीट बांधून दिले. पण बॅटरी तिथंच ठेवावी लागली. पुढं हातातला फोन चालू करून दाखवा म्हणाले. मी बटण दाबून धरलं. उजेड आला.

दुबईला पोरगी जेवत होती. मी फोन तिच्या कानाला लावला. तिनं हातातला घास ताटात ठेवला. "परत लावा, आबा," एवढंच म्हणत राहिली.

हे भाईला सांगायचं होतं. पोरीच्या फोनवरून लावला. बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, चालू कसा असेल, त्याची बॅटरी तर माझ्या खिशात. पोरगी लई दिवसांनी हसली. मग महिनाभर त्याच्याशी मनातच बोललो.

परत आलो तर दुकानाचं शटर खाली. शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, भाई गेला, बारा दिवस झाले. दुकानातच छातीत कळ आली. चहावाल्यानंच लगेच रिक्षात घातलं, पण दवाखाना गाठला नाही.

त्याच्या घरी गेलो. भाभी म्हणाली, "फोन कुठंय इचारलं की म्हणायचे, दुबईला गेलाय."

मी बॅटरी काढून तिच्यापुढं ठेवली. तिनं कपाटातून त्याचा फोन आणला, बॅटरी बसवली. चालू झाला. ती बटणं दाबत राहिली. काय शोधते ते मला कळलं. मग मीही शोधलं. गिऱ्हाइकांचे नंबर होते, दोन-तीन गाणी होती. त्याचा आवाज नव्हता.

भाभीनं बॅटरी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"तुमच्यात घाला, भाऊ. तुमच्यात कुणीतरी बोलतंय."

मी तिथंच घातली. ती ऐकवा म्हणाली नव्हती, तरी बायकोचा आवाज लावला आणि फोन तिच्या हातात दिला. "येताय का मी जेवू?" हे ऐकता ऐकता भाभी दाराकडं बघायला लागली.