बिननावाची थाळी

भांडं विकत घेताना आमच्याकडे माणूस आधी त्याला टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजलं तर घेतो, बद्द वाजलं तर खाली ठेवतो. जुन्नरच्या पेठेत चांदमलशेठच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी चाळीस वर्षं भांड्यांवर नावं घालतोय. टिचक्या लाखभर ऐकल्या असतील, पण त्यात कुणाला गाणं ऐकू येईल असं मला कधी वाटलं नाही. शेठच्या सुनेला आलं.

खुशबूवहिनी लग्न होऊन मंचरहून आल्या त्याला वीस वर्षं झाली. शेठ गेल्यावर त्यांचा मुलगा अरिहंत, म्हणजे वहिनींचा नवरा, कांद्याच्या आडतीवर बसू लागला आणि दुकान वहिनींच्या अंगावर आलं. बाई कमी बोलणारी. गिऱ्हाईक टिचकी मारी तेव्हा मात्र हातातलं काम थांबवून ऐकत राही. तीन वर्षांपूर्वी एकदा मला म्हणाल्या, "नाना, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, दुकानात वाजवणं ठेवायचंय. गाणं नाही, चाल नाही, फर्माईश नाही. आधी काही ठरवायचं नाही. एकमेकांचं ऐकायचं आणि सुचेल ते वाजवायचं. दुकानातलं कुठलंही भांडं घ्यावं."

"आन लोकं येत्याल व्हय ह्याला?" मी म्हणालो.

"बघू."

मी कपाळाला हात लावला. पहिल्या बैठकीला माझा भाचा बुद्धभूषण आला. तो लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. तासभर तो नुसता फुंकत राहिला, वहिनी हंड्यात पाणी सोडून हंडा वाजवत राहिल्या, कुणी झाऱ्याने परात घासली. मी तोंडाचा आ करून बघतच राहिलो. श्रोते नऊ, त्यातले दोघे दार उघडं बघून कुकर घ्यायला आलेले. बाहेर आल्यावर मी भाच्याला विचारलं, "का रं, नवरदेव पळाला व्हता का?" तो म्हणाला, "मामा, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी अमकंच वाजव म्हणलं न्हाई." मला ते पटलं नाही, पण वाजवणं चालू राहिलं. पुढे आणे, येडगाव अशा आसपासच्या गावांहून माणसं येऊ लागली. एकही महिना चुकला नाही. वेळ दुपारी चारची, आणि सूर्य मावळायच्या आत बंद. कारण वर माडीवर धापूबाई, वहिनींच्या सासूबाई. जुन्या वळणाच्या जैन बाई, सूर्य बुडाल्यावर पाणीसुद्धा घेत नाहीत. त्यांचं ताट त्याआधी वर जायला हवं.

घर आणि दुकान धापूबाईंच्या नावावर. वाजवण्याला त्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. "काय वाजवायचं ते वाजवा. ती थाळी सोडून. तिला हात लागला की त्याच दिवशी सगळं बंद."

गल्ल्यामागे खिळ्याला लाल फडक्यात बांधलेली काशाची थाळी होती. अख्ख्या दुकानात नाव न घातलेलं तेवढंच जुनं भांडं, त्यामुळे माझे हात कायम शिवशिवायचे. ह्या मारवाडी घरांत मुलगा झाला की दारात काशाची थाळी वाजवतात. मुलगी झाली तर नाही. वहिनींची थोरली डिंपल जन्मली तेव्हा त्यांचा भाऊ आला होता. मुलगी असली म्हणून काय झालं, म्हणत त्याने थाळीला हात घातला, तर धापूबाईंनी ती त्याच्या हातातून हिसकावून घेतली. पायरीवरून मी डोळ्यांनी बघितलं, आणि म्हातारीला नात नकोशी झाली हे तिखटमीठ लावून पेठभर केलं. वहिनींच्या कानावरही ते गेलं. त्यानंतर अठरा वर्षं त्या सासूला दोन वेळचं ताट नेऊन देत होत्या, कामापुरतं बोलत होत्या. दुसरीही मुलगीच झाली, तेव्हा तर मला बोलायला अजूनच जोर आला.

गेल्या माघातला सोमवार. पुण्याहून हर्षाली नावाची व्हायोलिन वाजवणारी मुलगी आली होती. ताट घेऊन वर जाताना वहिनी मला म्हणाल्या, "नाना, पाहुण्यांना थाळीचं सांगा." मी हो म्हणालो आणि चहाकडे वळलो. मुलीने विचारलं, "काका, दुकानातलं काहीही घेतलं तर चालेल?"

"घ्या की. घर तुमचंच हाय."

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मी कप खाली ठेवून वळतो तर लाल फडकं जमिनीवर. मुलीने थाळी दोरीला टांगून धरली होती आणि तिच्या काठावरून व्हायोलिनचा गज ओढला. चाळीस वर्षांत मी असा आवाज ऐकला नव्हता. ठोका नाही, ठणठण नाही. एखादी बाई तोंडात पदर धरून रडते, तसा लांबलचक निघाला आणि संपेचना. बुद्धभूषणने क्लॅरोनेट तोंडातून काढलं. जिन्यात वहिनी पांढऱ्याफटक उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे भिंतीला धरून धापूबाई. गुडघ्यांमुळे चार वर्षं त्या खाली आल्या नव्हत्या.

संपलं, मी मनात म्हणालो. वहिनींचं तीन वर्षांचं सगळं माझ्या एका शब्दाने संपलं.

"माझी चूक हाय, बाई," मी म्हणालो. "पोरीला मीच सांगितलं न्हाई."

धापूबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटच्या पायरीवर बसल्या आणि मुलीला म्हणाल्या, "थांबू नको. ही अशीपण वाजते, मला माहीत नव्हतं."

मग स्वतःच सांगू लागल्या. "माझा पहिला मुलगा झाला तेव्हा हीच थाळी दारात वाजली. तिसऱ्या दिवशी पोर गेलं. आम्ही आत रडतोय आणि बाहेर जावेची मुलं वाजवतातच आहेत. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अरिहंतच्या वेळी मी वाजवू दिली नाही. डिंपलच्या वेळीही नाही."

अठरा वर्षं पेठेत मी काय वाटत फिरलो होतो!

"आई," वहिनी म्हणाल्या. "मला वाटायचं, माझ्या मुली तुम्हाला नको होत्या. एकदा सांगितलं का नाही?"

"सांगायचं तर तो आवाज पुन्हा ऐकावा लागला असता, बाळा."

वीस वर्षांत 'बाळा' हा शब्द त्या घरात मी पहिल्यांदा ऐकला. वहिनी त्यांच्या पायांशी बसल्या आणि भर दुकानात, सगळ्यांसमोर, ढसाढसा रडल्या. धापूबाईंचा हात त्यांच्या डोक्यावर होता. तो तसाच ठेवून त्या मला म्हणाल्या, "नाना, थाळीवर नाव घाल."

"कुणाचं, बाई?"

"हिचं. खुशबूचं."

बायकांची नावं मी घातलीच नाहीत असं नाही, पण नेहमी नवऱ्याच्या नावामागे. एकटं असं कधी नाही. "कासं हाय बाई, ठिसूळ असतंय. ठोका चुकला तर तडकंल."

"तडकली तर तडकली. घाल."

थाळी मांडीवर घेऊन मी छिन्नी टेकवली. पहिला ठोका पडला, दुसरा पडला. तिसऱ्याला बुद्धभूषणने हळूच एक खालचा सूर धरला, मागून व्हायोलिन आलं. मी मान वर केली नाही. चुकलो असतो.

अक्षरं संपत आली तेव्हा दारातलं ऊन पायरीवरून उतरलं होतं. वहिनी डोळे पुसून उठल्या. "आई, सूर्य बुडतोय. ताट वरच राहिलं. चला."

"आज राहू दे ताट," धापूबाई म्हणाल्या. "मला ऐकू दे."