मूलपेशी सोडते ते फुगे

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत रक्ताच्या मूलपेशींवर काम करते. हाडांच्या आतल्या मगजात राहणाऱ्या या पेशींपासून सगळं रक्त तयार होतं. अशी पेशी मूलपेशीपण सोडून तांबडी किंवा पांढरी पेशी होऊ लागली, की स्वतःच्या आवरणाचे अगदी बारीक फुगे बाहेर सोडते. मूलपेशीची खूण म्हणून आम्ही जे प्रथिन शोधतो, तेही त्या फुग्यांबरोबर निघून जातं. हे का होतं, ते समजून घ्यायचा माझा प्रयत्न चालू होता. कोऱ्हाळ्याला आमच्या घरी मात्र एवढंच सांगितलं जायचं, "थोरली रगत तपासती."

मग माझ्या धाकट्या बहिणीच्या मगजानं रक्त करणंच थांबवलं. ती इंदापूरला दिलेली, तिथंच शाळेत शिकवते. अंगावर निळे डाग उठायला लागले, फळ्यावर लिहिता लिहिता धाप लागायची. भावंडाच्या मूलपेशी जुळल्या तर आशा आहे, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या जुळल्या.

वडील ऊस शेजाऱ्याच्या हवाली करून पुण्याला आले.

"तुजं काढून तिला दिल्यावर तुला काय ऱ्हातंय?" त्यांनी विचारलं.

"माझ्या परत तयार होत्यात, आबा."

"नक्की?"

"व्हय."

पेशी काढायचा दिवस आला. यंत्र माझ्या एका हातातून रक्त घेऊन दुसऱ्या हातात परत सोडत होतं, तो सगळा वेळ ते माझ्या पायाशी बसून होते. नळीवरची नजर त्यांनी हलवली नाही.

इतकी वर्षं या पेशी मी काचपट्टीवर पाहिल्या होत्या. आता पिशवीत भरलेल्या पाहिल्या. त्या तिच्या अंगात रुजतील का, हे मला सांगता येत नव्हतं.

पेशी दिल्यावर जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून बहिणीला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. औषधांनी केस गेले होते. आम्ही काचेआडून फोनवर बोलायचो. एकदा मी माझ्या कामाचं चित्रण मोबाइलवर लावून काचेला टेकवलं. चमकता रंग दिलेली पेशी, आणि तिच्या कडेनं सुटणारे ठिपके. ती बराच वेळ बघत राहिली.

"अक्का, ती हे टाकून देती, का कुणाला धाडती?"

"आमच्यात दोन्ही म्हणणारे हायेत. मला अजून ठाव न्हाय."

"मग बघ की नीट. मला हितं दुसरा उद्योग न्हाय, रोज विचारीन."

तिनं खरंच रोज विचारलं. मग ताप चढला आणि ती भिंतीकडं तोंड करून पडली, फोनही उचलेना. त्या दिवसांत मी प्रयोगशाळेत जाऊन नुसती बसायचे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचं धाडस होत नव्हतं.

एके सकाळी डॉक्टर म्हणाले, तिच्या रक्तात पांढऱ्या पेशी दिसायला लागल्यात, तुमच्या मूलपेशी रुजल्या. आबांनी तिच्यासाठी पेरू आणले होते. फळं आत न्यायला परवानगी नव्हती. त्यांनी बाहेरच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला एकेक दिला आणि मग तोंड धुवायला म्हणून गेले ते बराच वेळ आले नाहीत.

बहीण पुढल्या वर्षी शाळेत रुजू झाली. पहिल्या दिवशी मी सोबत गेले होते. फाटकापाशी ती म्हणाली, "तू जा आता, पोरं बघत्यात." मी एसटी स्टँडवर येऊन चहा घेतला आणि पुण्याच्या गाडीत बसले. फुगे टाकलेले की धाडलेले, हे अजून बघायचं होतं.