अळणी थोरला, खारट धाकटा

थोरल्या भावाला माझ्या यकृताचा तुकडा द्यायचं ठरलं आणि गावात माझी वट वाढली. पारावर लोक सरकून जागा द्यायला लागले. दादा फौजेतून सुभेदार होऊन परतलेला. जुन्या काविळीनं त्याचं यकृत निकामी झालेलं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली आणि म्हणाल्या, "यांचं सोडियम कमी आहे, ते वर यायला हवं."

सोडियम म्हणजे मीठ, एवढं रसायनशास्त्र मला येतं. दादा सहा महिने अळणी खात होता. वहिनींची नजर चुकवून मी त्याला खर्डा आणि लोणचं पोचवायला लागलो.

"आण रं गड्या, लय दिसांनी तोंडाला चव आली," असं म्हणून तो वर तांब्याभर पाणी प्यायचा.

चार दिवसांत त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं, सोडियम आणखी उतरलं. तारीख पुढं गेली.

"मीठ कमी नाही, अंगात पाणी जास्त साठलंय," बाई म्हणाल्या. "आमटीत पाणी जास्त पडलं की ती अळणी लागते, तसं. असं ऑपरेशन त्यांना झेपणार नाही. आणि घाईनं वर आणलं तर मेंदूला इजा. आता हळूहळू."

घरी येताच वहिनींनी लोणच्याची बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मग पाणी हाच शत्रू, असं मी ठरवलं. आपला तुकडा तरी कोरडाठाक जावा म्हणून दोन दिवस भर उन्हात उसात राबलो आणि घोटभर पाण्यावर राहिलो. पुढच्या तपासणीत माझंच सोडियम वर! देणाऱ्याचं फार चढलेलं असलं तर नवं यकृत नीट काम धरत नाही, असं बाईंनी हात जोडून सांगितलं.

दादा म्हणाला, "फौजेत असतास तर तुला दुश्मनाकडं सल्लागार म्हणून धाडला असता."

त्यानंतर सूत्रं वहिनींकडं गेली. दादाला मापानं पाणी, मला हंडाभर. "आवं, तुमचं आजचं झालं, ठेवा पेला. आन् भावजी, तुमी संपवल्याबिगर उठायचं न्हाई."

तीन आठवड्यांनी दोघांचे रिपोर्ट जुळून आले आणि ऑपरेशन झालं.

दहाव्या दिवशी पोट धरून मी दादाच्या खोलीत गेलो. त्याच्या डोळ्यांतला पिवळेपणा ओसरला होता.

"दुखतंय का रं?"

"न्हाई," मी खोटं बोललो.

"भावजी, लय उपकार झालं," वहिनी म्हणाल्या, "फकस्त आता कुणाला औषधपाणी सांगू नगा."

दादा हसला, मीही हसलो, आणि दोघांनीही टाक्यांवर हात दाबून धरले.