तांदळाची खळ
मंजूषा तशी चांगली बाई, पण पूर्णिमाचं नाव काढलं की तिच्या अंगाची लाही लाही व्हायची. आणि गंमत बघा, पूर्णिमाला हानेकेबाईंकडे तिनंच नेलं होतं. स्वतःच्याच हातानं पायावर धोंडा!

२००३ साली मंजूषा नवऱ्याच्या नोकरीमागून टिलबर्गला आली. डच येईना, काम मिळेना. तेव्हा गल्लीतल्या हानेकेबाईंनी तिला जवळ केलं. बाईंकडे जुन्या जपानी सुती कापडांचा साठा होता, निळीत रंगवलेल्या शंभर वर्षांपूर्वीच्या रजयांच्या खोळी. तसंच कापड त्या स्वतःही रंगवायच्या. चिकट तांदळाचं पीठ आणि कोंडा उकडायचा, मळायचा आणि ती खळ कागदाच्या कोनात भरायची. कोन दाबत कापडावर चित्र काढायचं, वाळलं की कापड निळीच्या पिंपात बुडवायचं. खळीखालचं तेवढं पांढरं राहतं. तीन वर्षं मंजूषानं खळ मळली, कधीतरी कोन हातात येईल म्हणून.

आणि पूर्णिमा? गावात नवी आलेली ही मराठी मुलगी दिवाळीत बाईंकडे आली आणि फेब्रुवारीत बाईंनी जाहीर केलं, वाचनालयातल्या प्रदर्शनात लोकांसमोर कोन पूर्णिमा धरेल. चित्रकलेची डिग्री आहे म्हणे! मंजूषानं अख्ख्या नात्यातल्या नवरीमुलींच्या हातावर मेंदी काढली होती, पण तिला विचारतंय कोण?

"ताई, हे सगळं तुझ्यामुळे गं," म्हणत पूर्णिमा तिच्या गळ्यात पडली. मंजूषा कसंनुसं हसली.

बाईंनी आधी एक नमुना मागितला, खळीपासून सगळा पूर्णिमाच्या हातचा. खळ तिनं तोवर कधी केली नव्हती. बाईंच्या स्वयंपाकघरात तिनं आधण ठेवलं, मीठ घातलं आणि मोदकाची उकड काढायच्या सवयीनं हात तेलाच्या बाटलीकडे गेला. मंजूषा मागेच उभी होती. या खळीत तेल पडलं तर ती कापडाला धरत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नुसतं "थांब" म्हणायचं होतं. ती नळाकडे वळली आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला लागली.

दोन दिवसांनी कापड पिंपातून निघालं. पूर्णिमानं काढलेल्या सारसाच्या पंखांत नीळ घुसली होती, चोच कुठली नि पाय कुठला कळेना. बाईंनी उरलेली खळ बोटांवर चोळली.

"तेल," त्या म्हणाल्या आणि मंजूषाकडे वळल्या. "तू तिथेच होतीस ना?"

"तिला नका बोलू," पूर्णिमा मध्ये पडली. "ती भांडी घासत होती. बघितलं असतं तर तिनं माझा हातच धरला असता."

खरं सांगायचं तर हीच वेळ होती. मंजूषाच्या ओठांवर आलंही होतं. पण तेवढ्यात बाई म्हणाल्या, प्रदर्शनात कोन आता मंजूषाच धरेल, आणि ओठांवरचं तिनं गिळलं.

प्रदर्शनाला पन्नासेक माणसं जमली. कापड ताणून धरायला समोर कुणीतरी लागतं, तिथे पूर्णिमा आपणहून उभी राहिली. मंजूषानं कोन दाबला. रेघ सुरेख उतरली.

"मला हिनंच शिकवलं," पूर्णिमा शेजारच्या डच आजींना कौतुकानं सांगत होती.

मंजूषाला हवं ते सगळं मिळालं होतं. आणि मेलीचा हेवा मात्र आता पूर्वीपेक्षा जास्त वाटत होता.