गंगेतली हाडं

माझ्या नवऱ्याला दगडाचं येड आहे. धम्मपाल त्यांचं नाव. नवीन जालन्यात बियाण्याच्या गोदामात पोती शिवतात आणि सुट्टी आली की गायरानात, नाहीतर कोरड्या नदीत दगड हुडकत फिरतात. आमच्या तांदळाच्या डब्यातसुद्धा पट्ट्यापट्ट्यांचा अकीक दगड निघतो. मी म्हणते, "ह्याची आता भाजी करून वाढू का?" तर हसतात. धड भांडूसुद्धा देत न्हाईत!

ह्या उन्हाळ्यात त्यांनी मोठा बेत आखला. घनसावंगीच्या पुढं गोदावरीचं पात्र उघडं पडलं होतं. तिकडं तिला गंगाच म्हणतात. गोदामातल्या तिघा दोस्तांना घेऊन रविवारी तिथं जायचं. जीप ठरली, टोप्या आणल्या. दशम्या मी करायच्या, हे मला न विचारताच ठरलं. चार-दोन अकीक वेचायचे आणि काठाच्या मातीत जुन्या जनावरांची दगड झालेली हाडं दिसली तर त्यांचे फोटो काढायचे. त्याला जीवाश्म म्हणतात, हे मला पाठच झालंय.

काठच्या गावात त्यांचा एक ओळखीचा शेतकरी, भुजंग. त्याला फोन लावला. जीवाश्म म्हणलं तर त्याला कळायचं न्हाई, म्हणून आमच्या शहाण्यानं सोपं करून सांगितलं, "भुजंगभाऊ, रविवारी चौघं येऊन राह्यलो. गंगेतली हाडं हुडकायची."

तिकडून फोन कट.

संध्याकाळी भुजंगचाच फोन आला. नुसता आगजाळ. "गावात पाय ठेवला तर तंगडं मोडीन! माघात आमच्या बाबाच्या अस्थी त्याच गंगेत सोडल्यात. मायनं तुमचं बोलणं स्पीकरवर ऐकलं. तवापासून काठावर जाऊन बसली. म्हणती, माझ्या माणसाला न्यायला लोक येऊन राह्यले. जेवंना, उठंना."

मी कपाळाला हात लावला. "अहो, नदीकाठच्या माणसाला असं सांगत असतात का?" त्यांचं तोंड पार उतरलं. म्हणाले, "जाऊ दे रूपाली, न्हाई जात मी. सहल गेली खड्ड्यात." मी म्हणलं, "सहलीचं मरू द्या, ती म्हातारी उपाशी काठावर बसलीय!"

सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही दोघं निघालो. त्यांनी दगडांच्या पेटीतलं एक दगडी हाड पिशवीत घेतलं, चांगलं मांडीएवढं.

भुजंगची माय, झुंबरबाई, काठावरच होत्या, शेजारी भुजंग उभा. डोक्यावर पदर, ओठ सुकलेले. आम्हाला बघून हातातली काठी उगारली. "मागं सरका! एकालाबी हात लावू देणार न्हाई!"

मी तिथंच मातीत बसले. म्हणलं, "मावशी, माणसाची हाडं न्हाईत हो. हे बघा तरी."

यांनी हाड पुढं ठेवलं. "हत्तीचं आहे, मावशी. हजारो वर्षांचं. दगड झालाय त्याचा."

म्हातारीनं आधी काठीनं ठोकून पाहिलं. टण्ण वाजलं. मंग दोन्ही हातांनी उचलायला गेली, तर हलेना. बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. "अगं बाई! एवढं थोराड! आमचे तर काडीवानी व्हते."

भुजंगलासुद्धा हसू आलं. यांनी हात जोडले. "चुकलं माझं, मावशी."

"म्हंजे माझ्या माणसाला कोणी उचलणार न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

"पक्कं?"

"पक्कं, मावशी."

तिनं एवढा लांब श्वास सोडला की माझाच जीव भांड्यात पडला. माझ्या डोळ्याला पाणी आलं, लपवलं न्हाई मी. "मंग या रविवारी," ती यांना म्हणाली, "पण वरच्या अंगाला जा. अन् काय उचललं ते मला दाखवल्याबिगर जायचं न्हाई."

भुजंगनं हात दिला तशी ती उठली. पदर सारखा केला. दोन पावलं जाऊन थांबली आणि पाण्याकडं वळून, घरातल्या माणसाशी बोलावं तशी बोलली, "निजा आता बिनघोर. मी जेवून घेते."